नाशिकजवळ नोकरदार आणि व्यावसायिक स्त्रियांसाठी दोन दिवसांचे निवासी शिबिर कसे भरवावे

शनिवारी सकाळी गाडी सुटली की शिबिर सुरू झाले, असे धरून आखणी केली तर ते निम्मे आधीच फसलेले असते. बँकेत, दवाखान्यात, न्यायालयात किंवा अंबड-सातपूरच्या कारखान्यात काम करणारी बाई दोन दिवस घराबाहेर राहणार, म्हणजे मागे राहणाऱ्या घराची व्यवस्था लागायला हवी, आणि ती लावण्याचे काम बहुधा तिच्याच अंगावर पडते. मग गुरुवारी-शुक्रवारी ती भाज्या निवडून डब्यांत भरते, कणीक भिजवून ठेवते, मुलांचे गणवेश इस्त्री करून टांगते, आणि शनिवारी आपल्याकडे येते ती दमलेलीच. जागा, जेवण आणि लिहिण्या-रंगवण्याचा, मातीकामाचा कार्यक्रम यांविषयी पुढे सांगणारच आहे, पण सुरुवात मी तीन आठवडे आधीपासून करते, कारण पहिल्या दोन शिबिरांत माझी चूक तिथेच झाली होती.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील बिनपगारी कामे करणाऱ्या सहा वर्षांवरील स्त्रिया त्या कामांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, तर अशी कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे. हा आकडा केवळ नोकरदार स्त्रियांचा नाही, तरीही त्यावरून हिशेब मांडला तर दोन दिवसांचे साडेनऊ तासांहून अधिक काम दुसऱ्या कोणाला तरी उचलायचे असते. ते कोणी उचलायचे हे शिबिरार्थीने आधी ठरवावे, यासाठी मी प्रत्येकीला ‘सोपवणीचा कागद’ लिहायला सांगते. कागद एकच आणि पाठपोट नको. त्यात दूधवाला, सासूबाईंची औषधे, मुलांचा क्लास, कामवाल्या मावशींची वेळ, गॅसची टाकी आणि पाण्याची मोटर यांपुढे करणाऱ्याचे नाव लिहायचे. स्वयंपाकाचे मात्र काहीही आधी करून ठेवायचे नाही. नवऱ्याने आणि मुलांनी दोन दिवस खिचडी खाल्ली किंवा बाहेरून मिसळ आणली, तर कोणाचेही बिघडत नाही. एका शिबिरात मातीकाम रंगात आले असताना एका डॉक्टरबाईंना घरून फोन आला आणि प्रश्न होता, ‘जिरे कुठे ठेवले आहे?’ त्या दिवसापासून घरच्यांसाठी आयोजकाचा एकच क्रमांक द्यायचा आणि जिऱ्याची चौकशी आयोजकानेच परतवायची, असा नियम मी केला आहे.

कोणाला घ्यावे आणि आधी काय विचारावे

बारा ते चौदा ही संख्या योग्य आहे. आठांहून कमी असल्या की एखादी गप्प बसली तरी सर्वांच्या डोळ्यांत येते, आणि सोळांच्या पुढे गेल्या की दोन गट पडतात व आयोजक हजेरी घेत फिरतो. एकाच कार्यालयातील साहेबीण आणि तिच्या हाताखालची कर्मचारी यांना एका शिबिरात घेऊ नये, मग त्या कितीही मैत्रिणी म्हणवोत. दोघींपैकी एक तरी दोन्ही दिवस तोलून-मापून बोलते. जिवलग मैत्रिणी एकत्र आल्या तर त्यांना वेगवेगळ्या खोल्या द्याव्यात. सुरुवातीला त्या रुसतात, पण रात्रीपर्यंत नव्या ओळखी झालेल्या असतात.

नाव नोंदवणाऱ्या प्रत्येकीशी पंधरा-वीस मिनिटे फोनवर बोलावे. फॉर्मवर कोणी खरे लिहीत नाही. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, गुडघे, गर्भारपण, कशाची ॲलर्जी आणि रात्रीची झोप हे विचारावेच, शिवाय घरात नुकतेच कोणी गेले आहे का आणि मानसोपचार चालू आहेत का, हेही मायेने पण स्पष्ट विचारावे. चालू असतील तर नाही म्हणू नये. आपल्या डॉक्टरांना विचारून यायला सांगावे आणि कोणता भाग टाळायचा हे तिलाच ठरवू द्यावे. चाळिशी ओलांडलेल्या अनेकींना रजोनिवृत्तीच्या काळात अंगातून वाफा निघतात आणि त्या चारचौघींत सांगत नाहीत. फोनवर सांगतात, आणि मग तिची गादी खिडकीजवळ घालणे आपल्या हातात असते.

याच फोनवर बहुतेक जणी विचारतात, ‘हे विपश्यनेसारखे असते का?’ इगतपुरीचे धम्मगिरी हे विपश्यनेचे केंद्र आपल्यापासून जवळ आहे, प्रत्येकीच्या ओळखीतले कोणीतरी तिथे जाऊन आलेले असते, त्यामुळे हा प्रश्न स्वाभाविक आहे. तिथला मूळ अभ्यासक्रम दहा दिवसांचा, पूर्ण मौनाचा, आणि त्या काळात वाचायला वा लिहायलाही परवानगी नसते. आपल्याकडे लिहिणे, रंगवणे आणि हात मळवणे हेच मुख्य काम आहे व मौन फक्त एका रात्रीपुरते आहे. हा फरक निमंत्रणातच स्वच्छ लिहावा, म्हणजे साधनेच्या अपेक्षेने आलेली आणि सहलीच्या अपेक्षेने आलेली अशा दोघींचाही हिरमोड होत नाही.

तारीख

बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा असतो. राज्य शासनाच्या कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, पण खासगी दवाखाने, शाळा आणि कारखाने यांना तो नाही. म्हणून दुसरा किंवा चौथा शनिवार धरणे सर्वांत सोयीचे ठरते. मार्चमध्ये सनदी लेखापाल आणि बँकेतल्या स्त्रिया येऊच शकत नाहीत. दहावी-बारावीची मुले घरात असलेल्या आयांसाठी फेब्रुवारी-मार्च बाद. मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचे शनिवार-रविवार हळदीकुंकवाने भरलेले असतात, हे नाशिकमध्ये राहून जो आयोजक विसरेल त्याला दोष तरी काय द्यावा! मला स्वतःला नोव्हेंबरचा उत्तरार्ध आणि डिसेंबर सर्वांत आवडतो. मात्र त्या दिवसांत धरणाकाठची रात्र चांगलीच बोचरी असते आणि पारा कधीकधी दहा अंशांच्या खाली जातो, तेव्हा प्रत्येकीला दोन पांघरुणे आणि पहाटे गरम पाणी मिळेल याची खात्री करून घ्यावी.

पावसाळा मोहात पाडतो. अंजनेरी आणि ब्रह्मगिरी ढगांत बुडालेले, भातखाचरे हिरवीगार, हे सगळे खरे. पण सुट्टीच्या दिवशी त्र्यंबक रस्त्यावर आणि इगतपुरीच्या बाजूला पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते, आणि श्रावणात, विशेषतः तिसऱ्या सोमवारच्या ब्रह्मगिरी फेरीच्या सुमारास, तिकडे न गेलेलेच बरे. सिंहस्थ कुंभमेळ्याचे वेळापत्रकही समोर ठेवावे. ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहण आहे आणि पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये शहराजवळ शांत जागा शोधण्याचा खटाटोप करू नये.

जागा

गंगापूर धरणाचा परिसर, गिरणारे, अंजनेरी आणि त्र्यंबक रस्ता या पट्ट्यात शेतघरे आणि लहान निवासस्थाने पुष्कळ आहेत, आणि शहरापासून पाऊण-एक तासाच्या आत पोहोचता येते. छायाचित्रे पाहून जागा ठरवू नये. स्वतः जावे, आणि शक्य असल्यास शनिवारीच जावे, कारण मंगळवारी शांत असलेली जागा शनिवारी शांत असेलच असे नाही. माझ्या तिसऱ्या शिबिराच्या वेळी शेजारच्या हिरवळीवर लग्नाचा संगीत सोहळा होता. आमचे मौन साडेनऊला सुरू झाले आणि त्यांचा डीजे दहाला. मालकाने ‘आवाज येत नाही हो’ असे तोंडी सांगितले होते. तेव्हापासून, त्या दोन दिवसांत आवारात किंवा लगतच्या लॉनवर कोणताही समारंभ नाही, हे मी लेखी घेते आणि अर्धी रक्कम त्या अटीवरच राखून ठेवते.

पाहायच्या गोष्टी मोजक्या आहेत. चौदा जणी भिंतीला टेकून गोलात बसू शकतील अशी एक मोठी खोली, जिथे फरशीवर माती सांडली तरी मालक कपाळाला आठ्या घालणार नाही. जमिनीवर बसता न येणाऱ्यांसाठी हात नसलेल्या खुर्च्या. कमोड असलेली पुरेशी स्वच्छतागृहे. खोलीत दोघींपेक्षा जास्त नकोत. रात्री खोलीपासून स्वच्छतागृहापर्यंतच्या वाटेवर दिवा हवाच. नाशिकच्या शिवारांत बिबट्याचा वावर आहे, ही काही नुसती अफवा नाही. अंधार पडल्यावर आणि उजाडण्यापूर्वी उसाच्या किंवा झाडीच्या कडेने एकटीने फिरायला जायचे नाही, हे पहिल्या तासातच सांगावे. धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यात पाय बुडवायलाही उतरू नये. काठाचा गाळ फसवा असतो, आणि काही घडले तर मदत पोहोचेपर्यंत वेळ जातो. जवळचे रुग्णालय किती मिनिटांवर आहे हे स्वतः गाडीने जाऊन पाहावे. एक गाडी आणि चालक दोन्ही दिवस, रात्रीसुद्धा, आवारात हवाच.

शनिवारची सुरुवात पांडवलेण्यापासून

मी सर्वांना थेट निवासस्थानी बोलावत नाही. सकाळी पांडवलेण्याच्या पायथ्याशी, म्हणजे त्रिरश्मी डोंगराखाली, जमायला सांगते. एक तर ते मुंबई-आग्रा महामार्गालगत असल्याने सर्वांना सापडते. दुसरे असे की, नाशिकमध्ये वीस वर्षे राहिलेल्या पण शाळेच्या सहलीनंतर तिथे कधीच न गेलेल्या स्त्रिया प्रत्येक वेळी निघतात. चोवीस लेण्यांपैकी तिसऱ्या लेण्याच्या ओवरीत सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा प्राकृत भाषेतील, ब्राह्मी लिपीतील लेख आहे. तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी तिने हे लेणे भिक्षुसंघाला दिले आणि त्या निमित्ताने आपल्या गेलेल्या मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, पराक्रम व गुण सविस्तर कोरवून ठेवले. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाची मुलगी आणि उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिने एक खोली दान दिल्याची नोंद आहे. इतिहासाचे व्याख्यान तिथे देऊ नये. एवढे सांगावे, प्रत्येकीच्या हातात वही आणि पेन्सिल द्यावी, आणि अर्धा तास तिला आवडेल तिथे बसून लेखातील दहा अक्षरे जशी दिसतात तशी उतरवायला सांगावी. अर्थ कळत नाही, चूक-बरोबर कोणी तपासणार नाही, फक्त रेषा पाहायची आणि काढायची. आकडे आणि अहवाल यांत वर्षे घालवलेल्या स्त्रियांना अर्थ नसलेले काही काढत बसण्याची ही पहिलीच वेळ असते, आणि तिथून पुढचे सगळे सोपे जाते. भिंतीला हात लावायचा नाही, कागद ठेवून ठसाही घ्यायचा नाही, हे आधी बजावावे. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत त्यांनी खाली फाळके स्मारकाच्या बागेत झाडाचे एक पान निरखून काढावे; वर न गेल्याची खंत उरत नाही.

तिथून एकाच मोठ्या गाडीने निवासस्थानी जावे. आपापल्या मोटारी आणल्या की रविवारी दुपारी पहिली गाडी लवकर निघते आणि तिच्यामागे उरलेल्यांचेही मन निघते. मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांना शुक्रवारी रात्रीच नाशिकमध्ये मुक्कामाला बोलवावे, अन्यथा त्यांची शनिवारची सकाळ जांभयांत जाते.

हाताने करायची कामे

पोहोचल्यावर ओळखी होतात, आणि इथे एक नियम कटाक्षाने पाळावा: हुद्दा सांगायचा नाही. नाव सांगायचे आणि लहानपणी घरी कोणत्या नावाने हाक मारत ते सांगायचे. बेबी, ताई, छबी, माई अशी नावे निघू लागली की हसू फुटते, आणि ‘वरिष्ठ व्यवस्थापक’ दारातच राहतात. ज्या क्षणी एकीने ‘मी अमुक कंपनीत’ म्हणून सुरुवात केली, त्या क्षणी उरलेल्या तेरा जणी मनात मोजमाप करू लागतात. हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता सरळ मध्येच थांबवते.

पहिले काम मातीचे ठेवावे. कुंभाराकडून मळलेली माती आणावी, किंवा शाडू वापरावी. गणपतीनंतर ती सहज मिळते. प्रत्येकीला दोन मुठींएवढा गोळा द्यावा, चाळीस-पंचेचाळीस मिनिटे द्यावीत, आणि काय करायचे ते सांगू नये. ‘पण बनवायचे काय?’ हा प्रश्न चार-पाच जणी विचारतात आणि त्याचे उत्तर देण्याचा मोह आवरणे हीच आयोजकाची परीक्षा असते. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका लहान अभ्यासात ३९ प्रौढांना पंचेचाळीस मिनिटे रंग, माती, कागद यांपैकी हवे ते घेऊन काम करू दिले, तेव्हा सुमारे पाऊण जणांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाची पातळी उतरली होती, आणि आधी कलेचा अनुभव असणे वा नसणे याने त्यात फरक पडला नाही. अभ्यास लहान आहे, त्यावरून मोठे दावे करू नयेत. पण ‘मला चित्रकलेत नेहमी सी मिळायचा’ म्हणणाऱ्या बाईला सांगायला तो पुरेसा आहे. शेवटी बनवलेल्या वस्तूंचे प्रदर्शन मांडू नये. माती पुन्हा मळून पिंपात टाकावी. सुरुवातीला अनेकींना हे निर्दय वाटते.

दुपारनंतरचे काम वारलीचे. पण वारली म्हणजे चहाच्या बशीखालच्या चकतीवर काढायची पांढरी माणसे, असा जो समज रूढ झाला आहे तो या शिबिरात तरी मोडावा. वारल्यांच्या घरी लग्नाचा चौक सवाष्ण स्त्रिया लिहितात, गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूची काडी चावून केलेल्या कुंचल्याने. आणि त्या ‘चित्र काढले’ असे न म्हणता ‘चौक लिहिला’ म्हणतात. ही कला भिंतीवरून कागदावर आणि विधीतून दालनात नेण्यात जिव्या सोमा मशे यांचा वाटा मोठा आहे. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत आणि पलीकडे जव्हार-मोखाड्यात वारली वस्ती आहे, तेव्हा शिकवायला तिथलीच बाई बोलवावी, शहरातील छंदवर्गाची शिक्षिका नव्हे. तिला येण्या-जाण्याची गाडी पाठवावी, योगशिक्षकाला जेवढे मानधन तेवढेच तिला द्यावे, आणि ते आल्याबरोबर द्यावे. तिने दहा मिनिटे बोलावे, मग काढायला बसावे, आणि बाकीच्यांनी पाहत-पाहत काढावे. चौकातील देवी काढायची की नाही हे तिला विचारावे आणि ती नको म्हणाली तर त्यावर चर्चा करू नये. झाडे, पाखरे, खळे, तारपा वाजवणारा आणि भोवतीचा फेर एवढे एका संध्याकाळला पुष्कळ होते.

याखेरीज तिसरे काम त्या दिवशी ठेवू नये. माझ्या पहिल्या शिबिरात मी दोन दिवसांत अकरा सत्रे बसवली होती, त्यांत गायन आणि ‘वेळेचे नियोजन’ हेही होते. रविवारी निघताना एक वकीलबाई म्हणाल्या, ‘छान झाले, आता मला एक सुट्टी हवी.’ दुपारच्या जेवणानंतर दोन तास काहीही नाही, हे वेळापत्रकात छापावे आणि पाळावे. त्यातला पहिला अर्धा तास हवा असेल तर योगनिद्रा घ्यावी. निम्म्या जणी घोरतील, घोरू द्यावे. आसने साधी, खुर्चीवरही करता येतील अशी असावीत. रक्तदाब असलेल्यांना आणि गर्भवतींना कपालभाती किंवा श्वास रोखून धरण्याचे प्रकार देऊ नयेत. सावकाश, लांब उच्छ्वास एवढेच सर्वांसाठी पुरे.

जेवण, फोन आणि मौन

जेवण तिथल्या गावातील बचत गटाच्या स्त्रियांकडून करून घेता आले तर उत्तम. नागलीची भाकरी, ठेचा, पिठले, पालेभाजी, इगतपुरीकडचा इंद्रायणी भात, थंडीत हुरडा आणि हंगामात द्राक्षे, यांपुढे हॉटेलातील पनीर फिके पडते. शिबिरार्थींनी आपले ताट स्वतः घ्यावे, पण वाढायला उठू नये आणि स्वयंपाकघरात जाऊ नये. प्रत्येक शिबिरात एक तरी बाई ‘जरा भाकऱ्यांना हात लावते’ म्हणून आत शिरते. तिला बसवून ठेवणे कठीण असते, पण ते करावे. वाइनचा प्रश्नही नाशिकमध्ये निघतोच. द्राक्षमळ्याला भेट आणि चाखणे यांना माझा विरोध नाही, मात्र शिबिराच्या आत ते नको: अर्ध्या जणी अवघडतात, उरलेल्या अर्ध्यांचा आवाज वाढतो, आणि लिहिण्याची संध्याकाळ हातची जाते.

फोन पूर्णपणे काढून घेऊ नयेत. तसे केले की स्त्रिया फोनचाच विचार करत बसतात. नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या एका डब्यात ते ठेवावेत आणि दुपारी व संध्याकाळी वीस-वीस मिनिटे द्यावेत. रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांना सवलत असावी, पण त्यांनी फोन आयोजकाजवळ द्यावा आणि वाजला तर आयोजकाने हाक मारावी. छायाचित्रे फक्त हातांची आणि कामाची, चेहरा नाही. शनिवारी रात्री नऊपासून रविवारी सकाळी आठपर्यंत मौन. हे सक्तीचे व्रत नाही. औषध मागायला, थंडी वाजते म्हणायला कोणीही बोलावे.

रविवारची सकाळ: लिहिणे

मौन सुटण्याआधी, चहा पिऊन झाल्यावर, लिहायला बसावे. जात्यावर बसले की ओवी सुचते, असे आपण म्हणतो ते मी शब्दशः घेतले आहे. जिथे उतरतो तिथे बहुधा एखाद्या घरी जाते असतेच. ते मागून आणावे, मूठभर नागली घालावी आणि दोघी-दोघींनी पाच मिनिटे ओढावे. हाताला लय सापडते आणि दमही लागतो. आपल्या पणज्यांनी हे रोज पहाटे केले आणि त्यावर गाणे रचले, हे तेव्हा अंगाला कळते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत आई आहे, भाऊ आहे, सासुरवास आहे, विठ्ठल आहे. मग प्रत्येकीने ‘पहिली माझी ओवी’ अशी सुरुवात करून आपल्या गेल्या आठवड्यातील एकच गोष्ट लिहावी. एका अभियंत्या बाईने द्वारका चौकातील वाहतुकीवर लिहिलेली ओवी ऐकून आम्ही मौन मोडले होते.

यानंतर पंधरा मिनिटांचे खासगी लेखन. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी ओळीने चार दिवस रोज पंधरा मिनिटे आपल्या आयुष्यातील क्लेशदायक प्रसंगांविषयी लिहिले होते. पुढील महिन्यांत, प्रसंगाबरोबर त्याविषयीच्या भावनाही लिहिणाऱ्या गटाच्या आरोग्य केंद्रातील खेपा कमी झाल्या, हे सर्वत्र सांगितले जाते. लिहून झाल्याबरोबर त्यांना अधिक उदास वाटत होते, हे मात्र सांगायचे राहून जाते. आयोजकासाठी दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. शिबिर दुपारी संपणार, बाई संध्याकाळी घरी जाणार, आणि जुनी जखम उघडून तिला मध्येच सोडणे योग्य नव्हे. म्हणून ‘तुमच्या सर्वांत मोठ्या दुःखाविषयी लिहा’ असे कधीही सांगू नये. ‘आईच्या हाताविषयी’, ‘मी ज्या घरात लहानाची मोठी झाले त्याच्या मागच्या दाराविषयी’, ‘या वर्षी मी कोणाला नाही म्हणाले’, असे विषय द्यावेत. वाचून दाखवण्याची सक्ती नसावी, वही कोणी मागू नये, आणि ज्या वाचतील त्यांच्यावर ‘वा, किती छान’ असा वर्षाव करू नये.

तरीही कोणी रडते. रडू द्यावे. जवळ पाणी ठेवावे, विचारल्याशिवाय मिठी मारू नये, ‘तू तर किती खंबीर आहेस’ हे वाक्य टाळावे. हेच ऐकून-ऐकून ती थकलेली असते. एक प्रशिक्षित समुपदेशक दोन्ही दिवस उपस्थित असावी, निदान फोनवर उपलब्ध असावी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक प्रत्येकीच्या वहीच्या मागच्या पानावर आधीच लिहून ठेवावा, म्हणजे एखादीला वेगळा काढून देण्याची वेळ येत नाही. हे उपचारांचे शिबिर नाही, आणि तसे भासवूही नये.

पैशांचे थोडे

जागेचे भाडे, गाडी, मानधन हा खर्च माणसे कितीही आली तरी तोच राहतो. जेवण, साहित्य, अंथरूण माणशी वाढते. चौदा जागा असल्या तरी शुल्क दहा जणी येतील असे धरून काढावे. दोन जागा अर्ध्या शुल्कात ठेवाव्यात आणि त्या कोणाला दिल्या हे कोणालाही कळू देऊ नये. पंधरा दिवस आधी नाव काढून घेतले तर पूर्ण रक्कम परत, त्यानंतर बदली मैत्रीण पाठवायची, एवढा साधा नियम पुरतो. प्रायोजकाचा फलक लावायला मी कधीच तयार झाले नाही. साहित्य महाग नसते: माती, गेरू, तांदळाचे पीठ, बांबूच्या काड्या, रेघा नसलेल्या वह्या, मऊ पेन्सिली, जुनी वर्तमानपत्रे आणि कपडे झाकायला जुन्या सुती साड्या.

परतीचा प्रवास

रविवारी तीनच्या सुमारास निघावे, म्हणजे उजेड असतानाच सगळ्या घरी पोहोचतात. समारोपाची भाषणे नकोत आणि अभिप्रायाचा फॉर्मही नको. दमलेल्या आणि भारावलेल्या माणसाचा अभिप्राय आयोजकाला सुखावतो, पुढच्या शिबिराला उपयोगी पडत नाही. दहा दिवसांनी फोन करून एकच विचारावे: काय जाचले? मला मिळालेल्या सर्व उपयोगी सूचना या फोनवर मिळाल्या आहेत, उश्या फार उंच होत्या इथपासून ते मी स्वतः फार बोलते इथपर्यंत.

घरी पोहोचल्यावर मोरीत साचलेली भांडी दिसतात, ही तक्रार इतकी नित्याची आहे की सोपवणीच्या कागदावर मी आता शेवटची ओळ स्वतः लिहायला लावते: ‘रविवारी रात्रीचा स्वयंपाक आणि भांडी’, आणि पुढे नाव. ते नाव शिबिरार्थीचे असेल तर नोंदणी पक्की करण्याआधी मी कागद परत पाठवते. गाडी शहरात शिरल्यावर, पहिली बाई उतरण्यापूर्वी, महिन्याभरानंतरच्या एका दुपारी कोणाच्या घरी दोन तास भेटायचे ते ठरवून टाकावे. वही आणि एक पेन्सिल आणायची, आणि जिच्या घरी भेटायचे तिने फक्त चहा करायचा.